तीस मीटरच्या आत

सावरतळे, ता. पनवेल
४ डिसेंबर २०२४

ती. वेणूआत्यास,
निशाचा सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी फारकत घेतल्यापासून माझं अक्षर सुधारलं, एवढाच काय तो फायदा. बाकीचं कसं लिहू तेच कळत नाही.

मनस्वी दवाखान्यातून घरी आली. कावीळ उतरली, पण दादाची ही नाचरी पोर आता चार पायऱ्या चढली की बसते. गावात आणखी एकवीस जणांना झाली. आपल्या नळाला तळ्याकाठच्या विहिरीचं पाणी येतं, ते मी तपासायला पाठवलं. पाण्यात मैला आहे, पिण्यास अयोग्य, असं उत्तर आलं. सरपंच झाल्यापासून मी शेवटपर्यंत वाचलेला हा पहिला कागद. एरवी दादा बोट ठेवतो तिथे सही करते. जागा बाईसाठी राखीव होती आणि घरात बाई मी होते. नवरा गेल्यावर ज्याने माहेरी आणून ठेवलं, त्याला नाही कसं म्हणायचं?

या वेळी मात्र ग्रामसभेत ठराव मांडला. तळ्यापासून तीस मीटरच्या आत बांधकाम नाही, सांडपाण्याचा एकही पाइप तळ्यात नाही. दादानेही हात वर केला. त्याला वाटलं, हे तळ्याकाठी उठणाऱ्या बिल्डरच्या साठ फ्लॅटांना आवरायला चाललंय. मग मोजणी झाली. पाडायच्या बांधकामांच्या यादीत दुसरं नाव बिल्डरच्या क्लब हाऊसचं निघालं, आणि पहिलं आपल्या सहा खोल्यांचं, ज्यात तळोज्याच्या कारखान्यांतले कामगार भाड्याने राहतात. त्यांच्या संडासाचा पाइप थेट पाण्यात सोडलेला आहे. मला माहीत नव्हतं असं नाही, आत्या. मी तिकडे कधी वाकून पाहिलं नाही.

दादा म्हणतो, आपलं नाव खोड. बिल्डरचा माणूस दयाराम हसत म्हणाला, ताई, वरची दोन्ही नावं एकदम खोडा, म्हणजे घरातही वाद नको आणि बाहेरही.

मी लग्नाच्या वेळी हक्क सोडून दिला, तू सोडला नाहीस. त्यामुळे सातबाऱ्यावर दादाबरोबर अजून तुझं नाव आहे आणि नोटीस तुलाही येईल. खाली माझी सही दिसेल, दचकू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागते.

तुझी,
निशा


करंजा, उरण
१३ डिसेंबर २०२४

चि. निशास,
वेणूआत्याचे अनेक आशीर्वाद.

पोस्टमन आला तेव्हा मी दारात सोडे वाळत घालत होते. सरकारी कागद हाय म्हणून तो एवढा ओरडला की माझ्या कानांनी पण ऐकलं. आळीतल्या बाया जमल्या. त्यांना वाटलं, म्हातारीला आता धरून नेतात. सरपंचीणबाई, तुझी सही झोकदार हाय, बालवाडीत शिकवताना पोरांना अक्षरं काढून दाखवायचीस तशीच.

काल तुझा जगनदादा येऊन गेला. वालाच्या शेंगा आणल्या. आधी कानात ओरडला, मग दमला आणि कागदावर लिवून दाखवलं, की आत्या, तू हरकत घे. म्हातारी सहहिस्सेदार हरकत घेते म्हटल्यावर प्रकरण दोन-तीन वर्षं लोंबेल, असा त्याला वकिलानं हिशेब सांगितलाय. मी मनस्वीचं विचारलं तर रडायला लागला. मग माझ्या तोंडून निघालं, की पोरीला कोणाच्या पाइपाची घाण बाधली रे? चहा ठेवलेला, तसाच उठून गेला, हरकतीचा कागद सहीला ठेवून.

आता तुझा कागद पोळपाटाच्या उजव्या अंगाला हाय आणि त्याचा डाव्या. मधी मी भाकऱ्या थापते. दोघं माझ्याच भावाची पोरं. मी कोणाकडं बघू?

तू त्याच्याच घरात जेवतेस ना? पोटभर वाढतात का, तेवढं खरं लिव. आशीर्वाद हायतच, ते कुठं जात नाय.

तुझी आत्या


सावरतळे
१८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास जगनचा नमस्कार.

चहा टाकून उठलो, माफ कर. मला पत्रं लिहायची सवय नाय, पण तुझ्यासमोर बोलता आलं नाय ते लिहितो.

शेती सगळी गेली, राहिली ती काठाची पट्टी. तिथं खोल्या बांधल्या तेव्हा कसला नियम नव्हता. पाइप टाकला तेव्हा सगळं गाव येता-जाता बघत होतं. आता म्हणतात, मैल्याची टाकी बांध. मागं तळं, पुढं रस्ता, टाकी डोक्यावर बांधू? सहा बिऱ्हाडं हायत. त्यातल्या प्रभाकरच्या बायकोला, किशोरीला, आठवा महिना चालू हाय. त्यांना कुठं काढू?

निशीला मी आणलं, मी उभी केली, घरोघर हात जोडले. आता नाक्यावर लोक हसतात, की जगनला बहिणीनंच धरला.

तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाय. मनस्वीच्या डोळ्यांचा पिवळा रंग जात नव्हता तेव्हा मी पण तोच विचार केला होता. पण आत्या, खोल्या पाडल्या तर ते खरं हाय असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मग त्या पोरीपुढं मी कुठल्या तोंडानं बसू?

सही कर. तुझ्याशिवाय आता माझ्या बाजूला कोण नाय.

तुझा जगन


करंजा
२४ डिसेंबर २०२४

चि. जगनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुझा हरकतीचा कागद सोबत परत पाठवते, सहीशिवाय. दुसऱ्यावर सही केली. माझ्या नावाची जागा मोकळी करा, माझी हरकत नाय, असं लिवून पंचायतीला पाठवलं.

तुला त्या तळ्यात पोहायला मी शिकवलं. पोटाखाली हात धरायचे आणि तू पाणी पिऊन पिऊन ढेकर द्यायचास. वैनी काठावरून हसायची, पाणी पोटात गेलं म्हणून कोणी घाबरलं नाय. तुझ्या पोरीला तेच पाणी नळातून पिऊन दवाखान्यात झोपावं लागलं. मी हरकतीवर सही केली असती, तर तिच्यापुढं मला बसता आलं नसतं.

मला माहीत हाय, आता तू या दारात येणार नायस. माझं माहेर तूच होतास, ते मी माझ्या हातानं बंद केलं. शिव्या दे, पण जेवत जा. रागावलास तरी माझाच हायस.

वेणूआत्या


सावरतळे
११ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
निशाचा सा. न. वि. वि.

खोल्या गुरुवारी पाडल्या. जेसीबी आला तेव्हा दादा घरात टीव्ही मोठा करून बसला होता. मी काठावर उभी राहिले. सही माझी होती, पाहणंही माझंच होतं. किशोरी तान्ह्याला घेऊन किल्ली द्यायला आली. ती भांडली नाही. म्हणाली, ताई, तुमचं तळं वाचेल, चांगलं आहे, पण पाण्याला जागा मिळाली तशी आम्हाला पण कुठे तरी द्यायची होती. मी किल्ली घेतली. ते आता विचुंब्याला एका खोलीत तिघं आणि प्रभाकरचा भाऊ असे राहतात.

आणि बिल्डरने कोर्टातून स्थगिती आणली. क्लब हाऊस जागच्या जागी आहे, त्याचा पाइपही. म्हणजे मी फक्त माझ्या भावाचं पाडलं.

पंचायतीत सदस्य माझ्याशी कामापुरतं बोलतात. दयाराम मात्र नमस्कार करतो, तो सगळ्यात जास्त लागतो. संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावलं की जायचं कुठे, तर दादाच्याच घरी. वहिनी पोटभर वाढते, खरं लिहिते. मी ताटावरून उठले की मग दादा जेवायला येतो. राजीनामा लिहिला होता. पण उपसरपंच बिल्डरचा मावसभाऊ आहे. राजीनामा दिला तर तळं जातं, नाही दिला तर घर. कागद फाडून टाकला.

तू मात्र दूर होऊ नकोस.

निशा


सावरतळे
९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
निशाचा सा. न. वि. वि.

काल पनवेलच्या कोर्टात तारीख होती. बिल्डरच्या वकिलाने सांगितलं, सरपंचबाई आपल्या माणसांना सांभाळून बाहेरच्यांना त्रास देतात. आमचा वकील कागद चाळत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, साहेब, पहिलं माझं पाडलंय. दादा! तो आलाय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. न्यायाधीशांनी त्याला दटावून बसवलं, बोलायचं असेल तर लिहून द्या म्हणाले.

त्याने लिहून दिलं. मी वाचलं. माझ्या खोल्यांच्या संडासाचा पाइप तळ्यात होता, त्या पाण्याने माझी मुलगी आजारी पडली, माझं बांधकाम नियमाने काढलं, तोच नियम शेजारच्यालाही लावावा. खाली सही, जगन.

तळ्यासाठी केलं की बिल्डरवरच्या रागाने, मला सांगता येत नाही. विचारण्याची सोय नाही, तो अजून बोलत नाही. पुढची तारीख काय, हे त्याने पंचायतीच्या शिपायाला विचारलं आणि शिपायाने मला. ऑक्टोबरची मिळाली. तोपर्यंत स्थगिती कायम, पाइप चालू, गावाला टँकर.

बाहेर आले तर दादा स्कूटर चालू करून उभा होता. निघत नव्हता, माझ्याकडे बघतही नव्हता. मी मागे बसले. दारात उतरले तेव्हा तो हँडलकडे बघत म्हणाला, ऑक्टोबरला साडेनऊला निघावं लागेल.

तुझ्या मायेची,
निशा