नाव गाळलेला मामा

मु. पो. घोटी,
६ एप्रिल २०२५

चि. संतोष यास आईचे आशीर्वाद. वि. वि.

विसरला असशील म्हणून आधी ओळख देते. मी कुसाबाई, घोटीची, तुझी आई. मागच्या दिवाळीला आलास तेव्हा चष्मा इथे विसरलास, तो न्यायचंही विसरलास. आता ठमासारखी बहीण आणि हर्षालीसारखी भाचीसुद्धा विसरलास असं दिसतंय. नाशकात राहून माणसाची नजर आणि याद दोन्ही जातात की काय?

पत्र ठमाची धाकटी, सृष्टी, लिहिते आहे. दहावीचे पेपर संपले, पोरगी रिकामी आहे. फोन केला की सूनबाई म्हणते, ते मीटिंगमध्ये आहेत. म्हणून कागद धाडते. सोमा भाजीचा टेम्पो घेऊन रोज नाशकात येतोच, तो तुझ्या हातात देईल.

हर्षालीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा कागद तुला दाखवायला पाठवला होता. तो परत आला, तुझ्या नावावर लाल रेघ मारून. सोबत तुझी चिठ्ठी. मामा म्हणून माझं नाव नको, मांडव-वाजंत्री नको, त्र्यंबकला पाच माणसांत उरकून घ्या. आणि शेवटी म्हणे, बाकी माझा होलहार्टेड पाठिंबा आहे.

सृष्टीला विचारलं, हे काय असतं? ती म्हणाली, आजी, म्हणजे काही हातचं न राखता, सगळ्या मनाने. मी तिच्याकडून चिठ्ठी पुन्हा वाचून घेतली. वर रेघ, खाली सगळं मन! अरे, हर्षालीचा नवरा राज गेला तेव्हाही तू फोनवर होलहार्टेड श्रद्धांजली पाठवली होतीस, आणि दहाव्याला आला नव्हतास. सृष्टी सांगते, तुमच्या सोसायटीत टाकी धुवायची नोटीस निघाली त्यातही होलहार्टेड सहकार्य मागितलं होतंस. सव्वीस वर्षांची भाची आणि पाण्याची टाकी, दोघींना एकच शब्द?

पोरीला तीन वर्षं झाली नवरा जाऊन. आताचा नवरामुलगा वाल्मीक निफाडकडचा, द्राक्षाच्या कलमांची नर्सरी आहे त्याची. त्याचं पहिलं लग्न, तरी त्याच्या घरच्यांनीच सांगितलं की वाजत-गाजत करू. परके वाजवत येतात आणि सख्खा मामा कुजबुजतो! काल हर्षाली मला म्हणाली, आजी, भांडू नको, मामा उभा राहणार नसेल तर मी जाते त्र्यंबकला. पोरगी अंग चोरून बोलली, ते माझ्या डोक्यात गेलंय.

लोभ आहे. तो वाढवायचा का आटवायचा, तू बघ.

तुझी आई

*

नाशिक,
९ एप्रिल २०२५

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. सोमाने ते सोसायटीच्या गेटवर, चार माणसांत, मोठ्याने हाक मारून दिलं. असो.

आई, तू गैरसमज करून घेतेस. हर्षालीचं पुन्हा लग्न व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण मी समाजाच्या वधूवर मंडळाचा अध्यक्ष आहे. मंडळात जुनी माणसं आहेत. विधवेच्या लग्नात अध्यक्ष मामा म्हणून उभा, असं पत्रिकेत छापून आलं तर उद्या मला कोणी विचारणार नाही. शिवाय लग्नाच्याच दिवशी, अक्षय्य तृतीयेला, आमचा मेळावा आहे. मी हजर नसलो तरी माझ्या होलहार्टेड शुभेच्छा तिच्याबरोबर आहेत. ठमाताईला समजावून सांग. साडी आणि भांडी पाठवतो आहे.

गुडघ्याचं तेल लावत जा. आशीर्वाद असू दे.

तुझा आज्ञाधारक
संतोष

*

मु. पो. घोटी,
११ एप्रिल २०२५

संतोष,

आशीर्वाद मागाहून बघू.

साडी आणि भांडी सोमाबरोबर परत धाडली आहेत. (मामा, आजीने इथे तुमच्याबद्दल दोन शब्द सांगितले, ते मी लिहिले नाहीत. – सृष्टी)

तुला मी लहानपणी सांगितलं होतं, पण तू ते पुरून टाकलंस. आज पुन्हा सांगते, सृष्टीच्या हाताने, म्हणजे लेखी राहील. मी एकोणीस वर्षांची असताना पहिला नवरा गेला. दोन वर्षांनी पुंजारामने मला मागणी घातली. तेव्हा विधवेचं लग्न लागत नसे, पाट लागायचा. मांडव नाही, हळद नाही, नात्यातल्या सवाष्णी तोंड फिरवून बसलेल्या. गोठ्यामागे, शेणाच्या ढिगाऱ्याशी, मला उभं केलं आणि उरकलं. त्या पाटाचा तू पोरगा. तुझ्या मंडळातल्या जुन्या माणसांना हे माहीत आहे का? त्यांना सांगायची लाज वाटत असेल, तर मी टेम्पोत बसून येते आणि मेळाव्यात माइकवर सांगते.

माझा एकच भाऊ, मंगळू. तो म्हणाला होता, अक्का, माझा जीव तुझ्यापाशी आहे, पण म्हैस व्यायला झालीय, येणं जमणार नाही. जीव पाठवला आणि स्वतः गोठ्यात राहिला. त्यानंतर तो मरेपर्यंत मी त्याच्या घरचं पाणी प्याले नाही. तो दरवर्षी तांदूळ पाठवायचा, मी दारातून परत करायचे. मला त्याचा राग होता असं लोक म्हणायचे. राग कसला? मी त्याची वाट बघत होते, तो नुसते तांदूळ पाठवायचा.

तुला तो मोठा इंग्रजी शब्द का लागतो ते मला कळलं. मराठीत लिहायला बसलास तर 'मी येतो' एवढंच लिहावं लागेल. सृष्टीने मोजली, तीन अक्षरं आहेत. ती लिहिली की यावं लागतं.

मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामा उभा लागतो. हर्षाली गोठ्यामागे उभी राहणार नाही आणि तिची पाठ उघडी राहणार नाही. मी पत्रिका छापायला दिली. मामाच्या जागी लिहिलंय, कुसाबाई पुंजाराम. छापणारा म्हणाला, आजी, चूक झाली का? मी म्हटलं, चूक पोटीच जन्मली, तू छाप. गुडघे धरतात, पण तेवढा वेळ उभी राहीन. पडले तर वाल्मीक उचलेल.

मंगळूला मी तोडला तेव्हा एकवीस वर्षांची होते. आता अठ्ठ्याहत्तरची आहे. माझ्यापाशी तेवढा वेळ नाही, म्हणून तुला एकदाच सांगते.

कुसाबाई

*

नाशिक,
१५ एप्रिल २०२५

ती. आईस सा. न.

आई, मी येतो.

हे पत्र चार वेळा फाडलं. काल मंडळाच्या बैठकीत सांगितलं की मेळाव्याला मी नसेन, भाचीचं दुसरं लग्न आहे, मामा म्हणून उभा राहायचंय. आणि दादांचा-तुझा पाट लागला होता हेही सांगितलं. एकाने अध्यक्षपदाचं पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. बघू देत.

हर्षालीशी बोलायचं धाडस होत नाही. पत्रिका अजून वाटल्या नसतील तर माझं नाव घालता येईल का?

संतोष

*

मु. पो. घोटी,
१७ एप्रिल २०२५

चि. संतोष यास आशीर्वाद. वि. वि.

पत्रिका वाटून झाल्या. मामाच्या जागी माझंच नाव आहे आणि तेच राहील. पुन्हा छापणार नाही. लोक विचारतील, हा मागे उभा आहे तो कोण, पत्रिकेत तर नाव नाही? तेव्हा तू सांग, तुझ्या तोंडाने, जितक्यांदा विचारतील तितक्यांदा. माझा राग अजून गेलेला नाही, आलास तरी दोन दिवस बोलणार नाही, त्याची तयारी ठेव.

हर्षालीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती उठून मांडवाच्या मेढी कुठे रोवायच्या ते बापाला दाखवायला गेली. तिला फोन करू नकोस. आदल्या दिवशी ये आणि समोर बस.

साडी-भांडी पुन्हा धाडू नकोस. हळदीच्या दिवशी पुरण घालायचंय, तेवढी दहा किलो हरभऱ्याची डाळ सोमाच्या टेम्पोत पाठव. दुकानातून तशीच उचलून पाठवू नको, सूनबाईलाही बसवू नको. ताट मांडीवर घे आणि मूठमूठ करून स्वतः निवड. खडा निघाला तर पहिली पोळी मी तुझ्याच पानात वाढीन.

आई