दुधातलं पाणी

आई,

कामावर निघाले. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. काल दवाखान्यात तुमच्या नातीचं वजन पुन्हा कमी भरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दुधात पाणी घालता का? मी म्हटलं, थोडंसं. घरी आले तर तुम्ही पातेल्यात पाणी ओतत होतात. म्हणजे महिना ओढायला सकाळी मी घालते, दुपारी तुम्ही घालता, आणि दोघी एकमेकींपासून लपवतो. तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही स्वतः तर कोराच चहा पिता. ह्यांना सांगू नका. नोकरी गेल्यापासून जेवताना मान वर करत नाहीत.

डाळ अजून पातळ केलीय, ती आपल्या दोघींना. दुधात पाणी आजपासून एकीनंच घालायचं. मी घातलंय, तुम्ही घालू नका.