शांत डोक्याचा ठेकेदार

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. शाळेच्या नव्या इमारतीचं काम मला मिळाल्यात जमा आहे, फक्त एक अडचण निघालीय. ठेकेदाराकडे सेफ्टी सर्टिफिकेट पाहिजे म्हणे. नसेल तर शाळा विसरा, शिवाय चालू साइटलाही कुलूप आणि सगळी माणसं घरी. असू दे. महिन्याभरात सर्टिफिकेट फ्रेम करून ऑफिसात लावतो. माझ्यासारख्या शांत डोक्याच्या माणसाला त्यात काय अवघड?
संकल्प: ओरडायचं नाही. हात उचलायचा नाही. कालचं फावडं मी भिंतीवर फेकलं होतं. मुकादम त्या भिंतीला टेकून उभा होता, ही त्याची हौस.

४ मार्च
सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. मेहुण्याला नेमला. हिचा धाकटा भाऊ. कित्येक महिने आमच्या सोफ्यावर आहे, एकदाही अपघात नाही. अनुभवी माणूस.

६ मार्च
हेल्मेटं आली. कुणी घालेना. गरम होतं म्हणे. सगळ्यांना गोळा करून डेमो दिला. मेहुण्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि लोखंडी पाइप हाणला. हेल्मेट फुटलं. मेहुणाही थोडा. रक्त बरंच गेलं, पण डोक्याचं जातंच. यात पाइपचा दोष नाही, हेल्मेटचा आहे. सगळ्यांत स्वस्तातली द्या असं मी म्हणालो होतो हे खरं, पण दुकानदाराने ऐकायचं कशाला?
दवाखान्यातून हिचा फोन. म्हणाली, "घरी या, मग तुमचाही डेमो घेते." गेलो. स्टूल चुकवलं. त्यामागून आलेलं मिक्सरचं भांडं नाही चुकलं. कपाळाला टेंगूळ.
नोंद घेण्यासारखी गोष्ट: दुपारनंतर प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मी जवळ गेलो की ते दोन्ही हातांनी घट्ट धरतही होते. शिस्त येते आहे.

९ मार्च
पहिलवान, म्हणजे आमचा सेंट्रिंगचा मिस्त्री, परांचीवर पार वरच्या फळीवर उभा. बेल्ट नाही. खाली बोलावून समजावलं. शांतपणे, एकदाच, गालावर. त्यानेही तितक्याच शांतपणे समजावलं. माझी दाढ हलते आहे. मुकादम सोडवायला मध्ये आला आणि त्याचं नाक मोडलं. लोक म्हणतात माझ्या कोपराने. माझं कोपर आधीपासून तिथेच होतं, नाक नंतर आलं.
पहिलवान जाता जाता म्हणाला, "मालक, बेल्ट पुरत नाहीत. मी माझा पोरीला दिलाय." पोरगी म्हणजे त्याचीच, वेल्डिंग करते. कारणं सांगायला या लोकांकडून शिकावं.
संकल्प: बेल्ट आणायचे. सर्टिफिकेट मिळाल्यावर.

१४ मार्च
बेल्टवरून फरशीवाले आणि प्लास्टरवाले यांच्यात तुंबळ जुंपली. बेल्टचा हुक गरागरा फिरवला की किती लांब पोचतो, याची मला कल्पना नव्हती. एकाच्या कानाची पाळी लोंबली. मी मध्यस्थी करायला लेव्हल पट्टी घेऊन घुसलो. पट्टी वाकली. एक फरशीवाला, एक प्लास्टरवाला आणि पाणी प्यायला आत आलेला ट्रक ड्रायव्हर दवाखान्यात. ड्रायव्हर बाहेरचा, त्यामुळे तो अपघातात धरायचा नाही असं मी ठरवलं.
शेवटी दोन्ही टोळ्यांत दिलजमाई झाली. माझ्याविरुद्ध झाली, पण झाली. पाठीवर थापीचे वळ आहेत.

१९ मार्च
उद्या तपासणी. पडणाऱ्याला झेलणारी जाळी लावून घेतली, रस्त्याच्या बाजूने. झकास दिसते. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, काम तर मागच्या बाजूला चाललंय." डोक्याला टाके असताना इतका विचार करू नये.
संकल्प: उद्या फक्त हसायचं.

२२ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. उजवा प्लास्टरमध्ये. पायही.
तपासनीस बाई आल्या. मी हसलो. बाईंनी विचारलं, हे का हसताहेत? मुकादम म्हणाला, सवय नाही त्यांना. तिथून बाई थेट मागे गेल्या. वर पहिलवान, बेल्टशिवाय! माझं डोकं शांतच होतं, फक्त पाय पळत सुटले. त्याला खाली खेचायला मी वर चढलो. खालून मेहुणा ओरडत होता, "भाऊजी, तुमचा बेल्ट!" ऑफिसरने मालकावर ओरडू नये.
वर जाऊन पहिलवानाची कॉलर धरली. त्याने माझं मनगट धरलं. मी डोक्याने त्याच्या तोंडावर धडक दिली, त्याचा दात फळीवर पडला. मग फळी सरकली. मी लटकलो. त्याने एका हाताने खांब आणि एका हाताने मला धरलं होतं. दात पडलेल्या तोंडाने ओरडत होता, "मालक, नंतर मारा, आधी मोकळ्या हाताने खांब धरा!" माझा मोकळा हात त्याच्या बरगड्यांत कामात होता. शिवाय तो माझं मनगट चुरगाळत होता. मालकाला असं धरतात? मी त्याच्या हाताला चावलो. चांगला कडाडून चावलो. तरी तो सोडेना, म्हणून आणखी चावलो.
मग सुटलो.
खाली जाळी नव्हती. हे कोणाचं काम होतं, याची चौकशी करणार आहे.

१० एप्रिल, घरी
साइटवर हीच जाते आता. पुरेसे बेल्ट आणले, जाळी मागे लावली, मोडक्या नाकाच्या मुकादमाला सेफ्टी ऑफिसर केलं. मेहुणा सोफ्यावर परत, माझ्या शेजारी. परवा पुन्हा तपासणी झाली. आज सर्टिफिकेट मिळालं! म्हणालो नव्हतो?
एक अट घातली आहे, हिने जेवताना सांगितली. काम चालू असताना मालकाने साइटवर पाऊल टाकायचं नाही. बाईंनी साइटवरचे सगळे धोके तपासले म्हणे, मोठा एकच निघाला. मी पाण्याचा तांब्या भिरकावला. डाव्या हाताने नेम नाही. मेहुण्याला लागला.

२१ एप्रिल
कुबडी घेऊन साइटवर गेलो. वॉचमन फाटकातच आडवा. कुबडी उगारली आणि मीच तोंडावर आपटलो. ओठ फुटला. पहिलवान धावत आला, उचलून रिक्षात बसवलं. उचलताना त्याचा उजवा हात नीट मिटत नव्हता. चावा चिघळला होता, शिरा गेल्या, दोन बोटं आता वळत नाहीत. हातोडा धरवत नाही म्हणून हिने त्याला स्टोअरवर बसवलंय. पोरगी वर काम करते, बेल्ट लावून.
रिक्षा सुरू होईपर्यंत तो उभा होता. काहीतरी बोलायला हवं होतं. म्हणालो, "चूक तुझीच. तेव्हाच सोडून द्यायचं होतंस मला."
तो म्हणाला, "सगळे तेच म्हणतात, मालक."
म्हणजे साइटवर सगळ्यांना माझं म्हणणं अजून पटतं.