बोटीवरच्या माणसाचा टाक

१९ फेब्रुवारी, गुरुवार
शेडमधली खालची जाळी भरली, वरची उद्या. यंदा माल गोड आहे, बेदाणा चांगला उतरेल असं वाटतं. दुपारी निखिलचा पुण्याहून फोन. म्हणे, "आई, पणजोबांची बोट सापडली." मी म्हटलं, हरवली कुठे होती, बुडाली होती. हसला.

कुठल्याशा परदेशी किनाऱ्याजवळ पाणबुडे उतरले, त्यांनी व्हिडिओ टाकलाय. युद्धात बुडालेली, कोळसा नेणारी आगबोट. नाव तेच. ते नाव आमच्या घरात सगळ्यांना पाठ. थोरल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आबांची आई, दिवा लावताना एकेका देवाचं नाव घ्यायच्या आणि शेवटी बोटीचं. कुण्या इंग्रज बाईचं नाव होतं. शेजारणी चिडवायच्या, सवतीचं नाव घेतीस म्हणून.

आबांना सांगायचं कुणी? मी नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
नि. आला. त्याचं लग्न एप्रिलात, त्याआधी देव उजळून घ्यायचे. म्हणून ह्यांनी जेवताना विषय काढलाच. "आबा, बोट सापडली. आता आजोबांचा चांदीचा टाक करून घेऊ, देव्हाऱ्यात बसवायला. आपल्या देवात सगळी म्हातारी माणसं हायती, तेवढेच न्हाईत."

आबांनी ताटात पाणी घातलं. "टाक मेलेल्याचा करत्यात."

"आवं, पण बोट..."

"बोट घावली. माणूस घावला का?"

भाजी तिखट झाली होती, तरी सगळी संपली.

२३ फेब्रुवारी
ह्यांचं चुकलं असं नाही. पण आबांचं दुखणं मला कळतं, म्हणून लिहून ठेवते.

आबांचे वडील खटावच्या माळावरचे, मेंढरं राखणारे. विहिरीपेक्षा जास्त पाणी पाहिलेलं नाही. दुष्काळात मुंबईला गोदीत गेले, तिथून बोटीवर, भट्टीत कोळसा मारायला. आबा तेव्हा पोटात होते. पुढे कंपनीचा माणूस येऊन 'बेपत्ता' एवढाच शब्द टाकून गेला. आत्याबाई म्हणाल्या, बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. कुंकू पुसलं नाही. माळावरची जमीन विकून तासगावकडे आल्या, इथेच राबून पोर वाढवलं. म्हाताऱ्या होऊन गेल्या त्या हिरव्या लुगड्यात, हिरव्या चुड्यात, ओटी भरून. लोकांनी नाकं मुरडली. आबा एकटे सगळ्यांना पुरून उरले. तेव्हापासून दर पितृपक्षात अविधवा नवमीला आबा आईचं पान वाढतात, सवाष्णीचं.

वडिलांचा टाक झाला म्हणजे ते युद्धातच गेले हे घराने मान्य केलं. मग आत्याबाई जन्मभर विधवा होत्या. मग ते लुगडं, तो चुडा, ती नवमी...

पुढे लिहवत नाही.

२६ फेब्रुवारी
पहाटे स्वप्न. माळावर पाणी आलेलं, निळंहिरवं, पार डोंगरापर्यंत. मेंढरं पाण्याखाली चरत होती, एकही बुडत नव्हतं. मला नवल वाटत नव्हतं, फक्त त्यांच्या गळ्यातल्या घंटा का वाजत नाहीत असं वाटत होतं. पुढे एक माणूस फावडं घेऊन पाठमोरा. हाक मारायची तर काय म्हणून? आजेसासरे म्हणावं तर अंगाने आमच्या नि.एवढा. तो वळेल म्हणून थांबले, तर जागच आली. चहा करतानाही पाय ओले आहेत असंच वाटत राहिलं.

१ मार्च, रविवार
आबा आपणहून शेडवर आले. "दाव ती बोट."

दुपारची वेळ, बायका जेवायला गेलेल्या. शेडला चारी बाजूंनी हिरवं कापड, आत उजेड हिरवा पडतो. तिथेच पेटीवर बसलो, मोबाइल मधे धरून. बोट कुशीवर झोपलेली. अंगावर शेवाळ. खिडकीतून मासे आत जातात, दुसरीकडून निघतात, कुणाला कसली घाई नाही. मग कॅमेरा पोटात शिरला आणि कोळसा दिसला. ढीगच्या ढीग, तसाच.

"ह्यो जाळायचा ऱ्हायला," आबा म्हणाले.

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग म्हणाले, "सूनबाई, टाक केला की आईचं कुकू मी माज्या हातानं पुसलं, असं हुतंय. कळतंय का तुला?"

कळतंय म्हटलं.  मला फार रडू आलं आणि मी ते दडवलं नाही.

बऱ्याच वेळाने आबा: "किती वर्साचा हुता गं त्यो?"

"पंचविशीचे असतील."

"निख्यापरास ल्हान." मग मोबाइलच्या काचेवरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली. "एवढंसं पोरगं. आन एवढं पानी."

४ मार्च, बुधवार
आबा सकाळीच फेटा बांधून तयार. "तासगावला चल. सोनाराकडं." हे बाहेर गेलेले, म्हणून गाडी मी चालवली. वाटेत आबा खिडकीतून बागा बघत होते. 

सोनार मोठा बोलका. लढाईत गेले म्हटल्यावर त्याने घोड्यावरचा साचा काढला.

"घोडा कशाला? चालत गेल्याला त्यो."

"मग उभा करू. हातात तलवार?"

"फावडं."

सोनाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, फावडंच. मग तो: "शेजारी मालकीणबाई? जोडीचा करत्यात बरेच जण."

 रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, आबा तो पार लांब जाईपर्यंत बघत राहिले. "एकट्याचा कर. तिला इचारल्याबिगर कसं?"

येताना उसाचा रस प्यायलो. आबांनी पैसे दिले, मला देऊ दिले नाहीत.

१४ मार्च
टाक आला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. चेहरा सगळ्या टाकांना असतो तसाच, डोळे मोठे. फावडं मात्र छान उतरलंय. पाडव्याला बसवायचं ठरलं. ह्यांनी वडूजच्या भावकीला फोन केले, माझ्याकडे पुरणाचा हिशोब. आबांनी टाक बंडीच्या खिशात ठेवलाय. फक्त झोपताना काढतात.

आज खिशावर हात ठेवून आपल्याशीच बोलत बागेतून चालले होते. आधी वाटलं मला काही सांगतायत. "ह्यो ठिबक. ही सोनाका द्राक्षं. पानी टँकरनं आणतो रं कवाकवा." आडोशाला थांबून ऐकत होते. मग लाज वाटली, परत फिरले.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा
गुढी उभारली. वडूजहून आबांचे चुलतभाऊ तात्या सगळ्यांना घेऊन आले. देव घासून पुसून ताम्हनात मांडले, हळद-कुंकू, फुलं, सगळं झालं. आबा पाटावर बसले. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. हात खिशावर होता, आत जाईना.

तात्या म्हणाले, "आवं, काडा की. येळ चाललीया."

आबा उठले. रागावले नव्हते, उलट चेहरा असा मोकळा मी पाहिलाच नव्हता. "आत्ता कुठं घरी आलाय त्यो. लगीच देव कशाला करताय?"

आणि सोप्यात जाऊन बसले. खिसा वरून थोपटत होते, तान्ह्याला थोपटतात तसे.

तात्या जेवून गेले, जरा घुश्शातच. पुरण उरलंय. आवरताना हे हळूच म्हणाले, "लग्न महिन्यावर आलं. आता बसवायचा कवा?"

मी म्हटलं, माणूस घरात असताना असं विचारतात का?