चढावर रडणारी गाडी

१२ जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू येतं, म्हणून पत्र. गाडी रडायला लागली आहे. वेग घ्यायला पाय दाबला की बारीक, लांबलचक कुंई सुरू होते, पाय उचलला की गप्प. चढावर तर थांबतच नाही. इथल्या गॅरेजवाल्याने आधी पंख्याचा पट्टा बदलला, मग डायनामो. दोन्ही वेळा म्हणाला, गाडी नवीकोरी झाली. दोन्ही वेळा चौक ओलांडेपर्यंत कुंई हजर.

तुला ठाऊकच आहे, आठवड्यातून तीनदा यांना टेकडीपलीकडे डायलिसिसला न्यावं लागतं. त्या वेळेला बस नाही. टॅक्सीवाला एकदा आला, वाटेत यांना उलटी झाली, तेव्हापासून तो फोन उचलत नाही. एक खेप चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या तर श्वास कोंडेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. मी रस्ता कमी बघते, आवाजच ऐकत बसते. हे मागच्या सीटवरून म्हणतात, ती आपल्यापेक्षा म्हातारी आहे, कण्हायचा तिला हक्क आहे.

तू मिस्त्रीकाम सोडलंस, माहीत आहे. तरी विचारते, कारण दुसरं कुणी उरलं नाही. राग आला तरी उत्तरात थोडी माया मिसळ.

तुझी ताई

१६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बहिऱ्या मिस्त्रीला आवाजाबद्दल विचारणं म्हणजे आंधळ्याला रंग विचारणं. पत्र दोन दिवस घडी घालून ठेवलं होतं. मी गॅरेज का बंद केलं, ते तुला कधी नीट सांगितलं नाही. एका बाईंची गाडी ठीक आहे म्हणून हातात दिली. तिचे ब्रेक किंचाळत होते, साऱ्या गल्लीला ऐकू आलं, मला नाही. पुढच्या वळणावर ती भिंतीला धडकली. बाई वाचल्या, पण मी पाना खाली ठेवला तो ठेवलाच.

पण दाजींचे पाय डोळ्यांसमोरून हलेनात. तेव्हा सांगतो तसं कर. गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता इंजिन जोरात चालव. तेव्हा कुंई आली नाही, तर पट्टा आणि डायनामो बिचारे निर्दोष. मग सपाट रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये ऐक, आणि आवाज पुढून येतो की मागून, ते दाजींना विचार. शेवटी मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी गोल डबा आहे, तो ओला आहे का ते वाकून बघ. कंबर जपून वाक, नाहीतर तुलाही दुरुस्तीला काढावं लागेल.

तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.

बारक्या

२० जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

हे पत्र टपालात न टाकता तुमच्या गावच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे.

उभ्या गाडीत आवाज नाही. चालत्या गाडीत सगळ्या गिअरमध्ये सारखाच, आणि हे म्हणतात, थेट माझ्या बुडाखालून येतो. डबा ओला होता, वर धूळ चिकटलेली. गॅरेजवाल्याला हट्टाने बोल्ट काढायला लावला. आत बोट घातलं तर तेल जवळपास नव्हतंच, बोटाला काळं लागलं, त्यात चमचमणारा कीस. त्याने तेल भरलं. एका खेपेला आवाज कमी झाला. काल चढावर मात्र कुंईची घरघर झाली आणि मागून धक्के बसायला लागले. मी गाडी थांबवली आणि हळूहळू उतारावरून मागे आणली. खेप चुकली.

आज सकाळी यांच्या पायावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. शेजारच्या मास्तरीणबाई उद्या सोडतील. पुढचं कुणालाच जमणार नाही. बारक्या, ऐकू येत नसलं तरी ये. माझे कान घे.

ताई

२० जून, रात्र

ती. ताईस,
सा. न.

कंडक्टर थांबलाय, म्हणून चारच ओळी. आतली बेअरिंगं गेली आहेत. सील गळालं, तेल गेलं, मग लोखंडाने लोखंड खाल्लं. सामान घेऊन पहिल्या बसने निघतो. गाडी हलवू नकोस. हात चालतील का, शपथेवर सांगता येत नाही.

बारक्या

३० जून

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तू गेल्यापासून तीन खेपा झाल्या. गाडी मुकी आहे. यांच्या पायांची सूज उतरली.

तू मागच्या सीटखाली तळवा टेकून बसायचास आणि मी वेग घ्यायचे, ते डोळ्यांसमोरून जात नाही. तिसऱ्या फेरीला आवाज गेला आणि मला रडू कोसळलं. माझं तोंड बघून तुला वाटलं काम फसलं, आणि तू पुन्हा बोल्ट सोडायला लागलास. हे हसून हसून ठसकले.

आता जे लिहिते ते वाच आणि फाडून टाक. तू गाडीखाली होतास तेव्हा मी गाडीच्या दाराला टेकून बडबडत होते. तुला ऐकू येत नाही, म्हणूनच. कुंई सुरू झाली तेव्हा मनात आलं होतं की बंद पडू दे एकदाची, म्हणजे दोष माझा नाही. त्या दिवशी चढावर गाडी थांबवली तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं. मग आरशात यांचा चेहरा दिसला. दोन वर्षांत एक दिवस पुरती झोपले नाही रे. पण हे कारण होतं का? नवऱ्याबद्दल असं वाटणारी बाई कसली?

माझ्याबद्दल माया राहिली असेल तर दोन ओळी टाक.

ताई

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही, जाळलं. आता ते फक्त मला माहीत आहे.

तू टेकली होतीस त्याच दाराच्या खालच्या पत्र्यावर माझा हात होता. शब्द कळले नाहीत, पण तू बोलते आहेस, थांबते आहेस, पुन्हा बोलते आहेस, एवढं हाताला कळत होतं. बोल्ट केव्हाच आवळून झाले होते. पत्र्याची थरथर थांबेपर्यंत मी खालीच पडून राहिलो.

कसली बाई, ते विचारू नकोस. दमलेली बाई.

येत्या मंगळवारपासून मंगळवारची खेप माझी. गाडी मी चालवीन, तू घरी झोपायचं. दाजींना सांग, काही लागलं तर खांद्यावर थापटा. दार मात्र उघडं ठेव. घंटा दाबली तरी ती वाजली की नाही, ते मला कळत नाही.

तुझाच,
बारक्या