न मोजलेल्या मेंढ्या

बिश्केक, ६ ऑक्टोबर २००३

ती. बाबांस,
अकमारलचा सादर सलाम. वि. वि. आईने पाठवलेले कुरूतचे वाळवलेल्या दह्याचे गोळे ट्रकवाल्याने आणून दिले. अर्धे त्यानेच चघळले असावेत.

विद्यापीठातलं शेवटचं वर्ष सुरू झालं. आम्हा सहा जणांना एका हिशेब तपासणाऱ्या कंपनीने तीन महिन्यांसाठी घेतलंय. सहातून एकालाच नोकरी मिळणार आणि मी पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली. गोदामातली पोती मोजायची होती. एकाने मोठ्याने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. माझ्या तोंडून आकडाच फुटेना! मेंढ्या मोठ्याने मोजल्या की दृष्ट लागते, हे तुमचं अंगात इतकं मुरलंय की पोतीसुद्धा मी ओठ मिटून मोजली. सगळे खो खो हसले. साहेबीण वेरा पावलोव्हनांनी मला नुसते कागद धरायला लावलं. तुम्ही घोडी विकून फी भरलीत आणि मी इथे कागद धरते. फार रडू येतं.

आईला सलाम. राग न धरता दोन ओळी लिहा.
तुमची अकमारल

नारीन, १९ ऑक्टोबर

चि. अकमारल हिस अनेक आशीर्वाद.
आम्ही कुरणावरून खाली आलो. सगळी जनावरं धडधाकट आहेत. तुझा तुर्गुनकाका रोज दारात येऊन विचारतो, पोरीला आकडे शिकवायला घोडी घालवलीस, आता घोडीच्या दुधाचं कुमीस कुणाकडे पिशील? मी त्याच्याकडेच जाऊन पितो. पितोही जरा जास्तच.

तुला तिथे मोठ्याने मोजावं लागत असेल तर खुशाल मोज. घरचे नियम घरी. पण मोजण्याआधी नीट बघत जा. संध्याकाळी मेंढ्या आत घेताना मी तोंडं बघतो. कोण आलं नाही ते लगेच कळतं. हे तू सहा वर्षांची असल्यापासून करतेस. रडू नकोस, आणि घोडीचा विषय पुन्हा काढू नकोस.

आई लोकरीचे मोजे धाडते आहे, घाल.
तुझा बाबा

बिश्केक, २४ नोव्हेंबर

ती. बाबांस सादर सलाम. वि. वि.
आधी बसून घ्या. परवा आम्ही एका मोठ्या मेंढीफार्मवर मोजणीला गेलो. त्यांचे तीन वाडे, प्रत्येक वाडा दुसऱ्यापासून दहा किलोमीटरवर. पहिल्या वाड्यात आकडा वहीशी जुळला. जेवायला मालकाने पुलाव, बोर्सोक, चहा असा थाट मांडला आणि आम्हाला दोन तास उठूच दिलं नाही. दुसऱ्या वाड्यातही आकडा जुळला. सगळे खूश. मी मात्र बघत होते. डावा कान फाटलेली, एका गुडघ्यावर काळा डाग असलेली मेंढी सकाळी पहिल्या वाड्यात माझ्याकडे बघून शिंकली होती. तीच पुन्हा समोर!

मी वेरा पावलोव्हनांच्या कानात सांगितलं. त्यांनी विचारलं, मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसत नाहीत का? मी म्हटलं, माणसं दिसतात का? मग मी हळूच वीसेक मेंढ्यांच्या पोटाखाली निळा खडू ओढला. मालक पुन्हा चहाचा आग्रह करत होता. आम्ही मुकाट्याने प्यायलो. तिसऱ्या वाड्यात निळ्या पोटांच्या मेंढ्या हजर. आम्ही चहा पीत असताना मागच्या रस्त्याने त्याच मेंढ्या ट्रकमधून फिरत होत्या. तिप्पट मेंढ्या दाखवून मालकाला बँकेचं कर्ज काढायचं होतं म्हणे.

वेरा पावलोव्हनांनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात शिकलीस? मी म्हटलं, बाबांकडे. बाबा, नोकरी मला मिळाली.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची अकमारल

नारीन, ७ डिसेंबर

चि. अकमारल हिस अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र मी गावात सात घरी वाचलं. शिंकलेली मेंढी आली की सगळे हसतात आणि नोकरीची ओळ मी दोनदा वाचतो. तुर्गुन दोन दिवस दारात फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी विचारायला आला, त्याच्या लेकीला, नाझिराला, त्या विद्यापीठात घेतील का. मी म्हटलं, आधी घोडी विक. मला तुझा फार अभिमान वाटतो, पोरी. हे तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

आणखी एक. काल संध्याकाळी मेंढ्या आत घेताना मी दारात उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने मोजल्या. तुझी आई घाबरून बाहेर आली, दृष्ट लावतोस का म्हणाली. मी म्हटलं, लेकीला कळवायचंय.

एकशे सात आहेत. लिहून ठेव.
तुझा बाबा