अडतीस टोपल्या माती

ट्राउटलाख, गुरुवार, १७ सप्टेंबर १९६४

प्रिय बाबा,

आधी बातमी सांगतो आणि मग बाकीचं, कारण मी पाल्हाळ लावतो हे तुम्हाला माहीत आहे. आपली वरची उतरण परत आपल्या गावाची झाली. झरा, अक्रोडाचं झाड, पंचायतीच्या द्राक्षांच्या अकरा ओळी, सगळं आलं. मंगळवारी दुपारी पावणेचारला दोन्ही गावांच्या सरपंचांनी कागदावर सह्या केल्या. चारला आपल्या चर्चची घंटा सुरू झाली ती साडेचार झाले तरी थांबेना. पाद्रीबाबा वरती ओरडले, "अरे पुरे, लोकांना वाटेल आग लागली!" तर वरून उत्तर आलं, "नऊ वर्षांची राहिलीय, एका दमात कशी संपेल?"

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. पहिल्यावर शाई सांडली. दुसरं स्वच्छ उतरलं होतं, पण त्यात एक गोष्ट मी गाळली होती, म्हणून फाडलं. ती गोष्ट या पत्रात आहे. तिच्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागेल, तेवढा द्या.

इथे सगळं ठीक आहे. आईचा खोकला उन्हाळ्यात गेला. तळघरातली दुसरी शिडी मी बदलली, ज्या शिडीवरून तुम्ही पडलात ती नाही, ती तर तेव्हाच जाळली. द्राक्षं यंदा अशी भरली आहेत की वेंडेलिन आजोबा म्हणतात, एवढी साखर त्यांनी एकवीस सालानंतर पाहिली नाही. तुम्हाला आणखी एक सांगायचं राहिलं, ते तुम्हाला कोणी कळवलं असेल असं वाटत नाही. जानेवारीत शपथेच्या सातजणांतली एक जागा रिकामी झाली आणि त्यांनी मला घेतलं. मला! मी आठवी अर्धी सोडलेला. वेंडेलिन आजोबा सातांचे म्होरके म्हणून त्यांनी कारण दिलं, "गावात शिकलेले पुष्कळ आहेत, पण मोजून लिहिणारा हा एकच." फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाला मी हात वर करून शपथ घेतली. गावाच्या शिवेचे दगड बसवीन, तपासीन, आणि दगडाखाली काय ठेवतात ते मरेपर्यंत कोणाला सांगणार नाही, बायकोलाही नाही. (बायको अजून नाही, तेव्हा तेवढं सोपं आहे.) त्या संध्याकाळी आजोबांनी मला एकट्याला ते शिकवलं. काय, ते इथे लिहीत नाही. तुम्ही स्वतः सातांत होता, तुम्हाला ठाऊकच आहे.

तिथून घरी येताना मी पुलावर थांबलो. काय ठेवतात यापेक्षा किती खोल ठेवतात हे ऐकून मला घाम फुटला होता.

बाबा, पंचावन्नचा तो हिवाळा आठवा. तुम्ही पाय मोडून इस्पितळात होता. पावसाने उतरणीवरून खाली वाहून आलेली माती नेहमीसारखी सगळ्या गावाने पाठीवरच्या टोपल्यांतून वर नेली. आपल्या घरातून मी गेलो. सतरा वर्षांचा होतो. माती सगळ्यात वरच्या तीन ओळींत पसरायची होती. मी दोनशे अकरा टोपल्या नेल्या. वहीत रोजच्या रोज लिहिल्या, कारण मोजलं नाही तर मला झोप येत नाही. शेवटच्या दिवशी माझे गुडघे असे लटपटत होते की त्या तीन ओळींपर्यंतची शेवटची चढण चढवेना. कोणी बघत नव्हतं. मी शेवटच्या अडतीस टोपल्या वाटेतच, शिवेच्या दगडाभोवती ओतल्या आणि फावड्याने सारख्या केल्या. कोणाला बोललो नाही. वहीत मात्र खरं तेच लिहिलं: "३८, दगडापाशी. अक्रोडापासून ४६ पावलं."

हीच ती गाळलेली गोष्ट.

मार्चमध्ये तुम्ही काठी टेकत घरी आलात. उतरणीवर गेलात तर दगड गळ्यापर्यंत बुडालेला. त्यावरचा कोयता, आपल्या गावाची खूण, अर्धा मातीत. तुम्हाला वाटलं असणार, बर्फ वितळून जमीन भुसभुशीत झाली आणि दगड खचला. सातजणांनी मिळूनच दगडाला हात लावायचा हा नियम तुमच्याइतका कोणी पाळला नव्हता, तरी तुम्ही रविवारी सगळे चर्चमध्ये असताना पहार आणि कुदळ घेऊन एकटेच गेलात आणि तो वर उचलून बसवलात. का, ते मी कधी विचारलं नाही. पंचेचाळीसमध्ये रणगाड्याने पाडलेला तो दगड युद्धानंतर तुम्हीच परत बसवला होतात, म्हणून तुम्हाला तो तसा बघवला नसेल.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. शेजारच्या मार्क्टवीडन गावाला ताजी उकरलेली माती दिसली आणि त्यांनी बोंब ठोकली की ट्राउटलाखने दगड साठ पावलं वर सरकवला. वेंडेलिन आजोबा घरोघर विचारत आपल्या दारात आले. तुम्ही मागे द्राक्षाच्या काड्या बांधत होता. त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं, "हो, बाबा कुदळ घेऊन गेले होते." खरं होतं ते. खरं सांगितलं म्हणून त्या दिवशी मला बरंही वाटलं होतं, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. कारण अर्धं खरं मी पोटात ठेवलं होतं. मग सातांनी दगड काढला, खाली पाहिलं, आणि खाली काहीच नव्हतं. ज्या दगडाखाली सातांची गुप्त खूण नाही तो दगड खोटा. तुम्ही एवढंच म्हणालात, "मी एकटाच होतो." लोकांनी त्यातून सगळं काय ते समजून घेतलं. दगड साठ पावलं खाली गेला आणि वरची उतरण त्यांची झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी तुम्ही हाम्बुर्गच्या गोदीत निघून गेलात.

त्यानंतर नऊ वर्षं आपल्या पंचायतीच्या बैठकीत आणि जत्रेत मार्क्टवीडनची वाइन आली, बाबा. आपल्याच अकरा ओळींची, त्यांच्या बाटलीत. सरपंच एबर्ट दर जत्रेला पेला उचलायचे आणि तोंड असं करायचे की जणू काढा घेताहेत.

पुलावर मला हिशेब लागला. अडतीस टोपल्यांनी तिथली जमीन गुडघाभर वर आली होती. दगड खचला नव्हताच, त्याच्याभोवती माती चढली होती. तुम्ही दगड वर घेतलात, खुणा जिथल्या तिथे राहिल्या, आणि मध्ये आली माझी माती. सातांनी नेहमीच्या खोलीपर्यंत पाहिलं. मातीखाली माती. सोळाशे सत्त्याऐंशीपासून आपले लोक हिवाळ्यात माती वर नेत आहेत आणि शिवेचे दगड बसवत आहेत. दोन्ही कामं त्याच माणसांची, पण ही दोन एकमेकांना जोडून कोणी पाहिली नाहीत.

कळलं, तरी मी फेब्रुवारी ते ऑगस्ट गप्प बसलो. हेही लिहिलं पाहिजे. बोलायचं म्हणजे अडतीस टोपल्या कबूल करायच्या. रोज सकाळी ठरवायचो, रोज संध्याकाळी वही परत खणात ठेवायचो. मग ऑगस्टअखेर मोजणीवाले साहेब आले. द्राक्षतोडणीआधी वरच्या कडेने गाड्यांसाठी नवा रस्ता काढायचा, पिवळं यंत्र सोळा सप्टेंबरला येणार. रस्ता बरोबर अक्रोडाच्या खालून. यंत्र एकदा फिरलं की तिथे काय होतं आणि काय नव्हतं, हे देवालासुद्धा सांगता आलं नसतं.

सोमवारी पंचायतीच्या मोठ्या खोलीत दोन्ही गावांची बैठक होती. मी उभा राहिलो. वही टेबलावर ठेवून वाचली. किती खोल ते गुपित सांभाळून मी एवढंच सांगितलं की त्या हिवाळ्यात दगडाभोवती माती चढली होती, ती मी टाकली, नेमून दिलेल्या जागी नेली नाही, आणि त्यामुळे सातांनी जुन्या जागी पुन्हा पाहावं. मार्क्टवीडनच्या सातांचे म्होरके श्टाउब मोठ्याने हसले. "वा! शाळा अर्धी सोडली आणि आता आम्हाला भूगोल शिकवतोय. बापाने दगड हलवला, पोराने डोंगर हलवला!" त्यांची माणसं टेबलं बडवायला लागली. मला वाटलं, आता बसावं. तेवढ्यात वेंडेलिन आजोबा म्हणाले, "श्टाउब, तुझा भूगोल नऊ वर्षं आमची द्राक्षं खातोय, जरा गप्प बस. पोरा, वही इकडे आण." एक्याऐंशी वर्षांचे आहेत. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून त्यांनी वाचलं. मग मोजणी साहेबांकडे वळून म्हणाले, "उद्या दोन वाजता. आणि फावडी आमची."

मंगळवारी अख्खा गाव वर आला. बंबवाल्यांचं बँडपथकही आलं, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी अक्रोडापासून सेहेचाळीस पावलं चाललो. मग धीर होईना म्हणून परत जाऊन पुन्हा चाललो. सतराव्या वर्षीचं पाऊल आखूड होतं, ते धरून खुंटी दीड हात अलीकडे घेतली. रिवाजाप्रमाणे आजोबा ओरडले, "पाठी!" आणि दोनशे माणसं डोंगराकडे पाठ करून उभी राहिली, मोजणी साहेबसुद्धा, हातात दुर्बीण तशीच धरून. श्टाउबची मान जरा वळायला लागली. आजोबा म्हणाले, "श्टाउब, ती मान मोडली तर तुझ्या बायकोला मी काय सांगू?" सगळा डोंगर हसला, पण कोणी वळलं नाही.

आम्ही खणलं. नेहमीच्या खोलीपर्यंत काही नाही. वीतभर आणखी, काही नाही. मग मातीचा रंग बदलला. वर माझी खालून आणलेली भुरी माती, आणि तिच्याखाली डोंगराची मूळची लालसर. रेघ ओढल्यासारखी. आजोबांनी मला बाजूला सारलं, गुडघ्यांवर बसले आणि बोटांनी उकरायला लागले.

बाबा, होतं. सगळं होतं. एकही तुकडा तुटलेला नाही, एकही जागचा हललेला नाही. प्रत्येक म्होरक्याचा आणि प्रत्येक बसवणाऱ्याचा खुणा मांडायचा हात वेगळा असतो, हे तुम्हीच जाणता. आजोबांनी पाहिलं आणि तुमचं नाव घेऊन हळूच म्हणाले, "हा कास्परचाच हात." दोनदा म्हणाले. मग तोंड वर करून ओरडले, "वळा!" आणि त्यांचा चेहरा बघूनच गावाला समजलं. बँडने काय वाजवलं कोण जाणे, प्रत्येकाने वेगळंच वाजवलं. सरपंच एबर्ट रडत रडत मोजणी साहेबांना मिठी मारत होते. श्टाउब खड्ड्यापाशी आले, टोपी काढली आणि मला म्हणाले, "तुझ्या बापाला लिही, मार्क्टवीडनने टोपी काढली. आणि ती वही कुलपात ठेव, भामट्या, नाहीतर पुढच्या वेळी माझी शेतं घेशील." संध्याकाळी त्यांनीच आपल्या अकरा ओळींची साठवलेली दोन पिंपं गाडीवर घालून आपल्या चौकात आणून सोडली. यंदाच्या जत्रेला आपण आपली वाइन पिणार!

रात्रीच्या जेवणाआधी आजोबा आपल्या घरी आले आणि जी गोष्ट नऊ वर्षं त्यांनी पोटात ठेवली होती ती सांगितली. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात आणि म्हणाला होतात, "खुणा माझ्याच कुदळीने गेल्या. मातीबरोबर मी फेकल्या असणार." तेव्हा मला कळलं की तुम्ही सारखे आपल्या तळहातांकडे का बघत बसायचात. बाबा, तुमच्या हातांनी काही फेकलं नाही. एकट्याने दगडाला हात लावलात, तेवढीच तुमची चूक, आणि ती सातांनी मंगळवारी एकमताने माफ केली. माझी चूक माफ करणं सातांच्या हातात नाही, ते तुमच्या हातात आहे. मी ती गावासमोर उभं राहून सांगितली आहे, आणि आता तुम्हाला लिहून दिली आहे.

आणि आता हे पत्र कशासाठी ते. दगड आम्ही अजून बसवलेला नाही. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत, आणि रस्ता वरच्या बाजूने वळवून घेतला आहे. सोमवारी अठ्ठावीस तारखेला तोडणीआधी रिवाजाप्रमाणे मळे बंद होतील, मग मालकालाही आत पाय टाकता येणार नाही, म्हणून दगड शनिवारी सव्वीसला बसलाच पाहिजे. पण सध्या आम्ही सहाच आहोत. वेंडेलिन आजोबांनी त्या संध्याकाळी स्वतःचं फावडं आपल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "मी त्याच्या हातांवर विश्वास ठेवला नाही, आता माझ्या जागी तेच हात हवेत." सहाजणांनी दगड बसवता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार! शुक्रवारी संध्याकाळी सहा वीसची गाडी खालच्या स्टेशनवर थांबते, मी चौकशी केली आहे. आई म्हणते, "लिही त्यांना, बूट मी दर शनिवारी तेल लावून ठेवलेत, ते काही उंदरांसाठी नव्हे." फावडं दाराशी उभं आहे. मी स्टेशनवर सहापासूनच असेन.

वाट पाहणारा तुमचाच,
लोरेन्झ